फेकून द्या म्हणणाऱ्यांना

“सर, हे भंगारात द्या. आठशे रुपयांत याच्यापेक्षा भारी ब्लूटूथ येतं.”

शहरातल्या एका चकाचक दुकानात काउंटरमागच्या पोराने हे सांगितलं, तेही माझ्या हातातल्या हेडफोनकडे न बघता. नाडी न बघता वैद्याने रोग्याच्या घरच्यांना कफन आणायला पाठवावं, तसा प्रकार. त्या पोरावर माझा राग नाही. त्याला पगार नवीन माल विकण्याचा मिळतो, जुना बघण्याचा नाही. राग आहे तो त्या वाक्यावर. “फेकून द्या” हे वाक्य आता सल्ला राहिलेलं नाही, तो आपला स्वभाव झाला आहे. आणि या स्वभावाला खतपाणी घालणाऱ्यांत मी स्वतः एक आहे, शिक्षक म्हणून. कसा, ते पुढे सांगतो.

आधी हेडफोनबद्दल.

गेल्या पावसाळ्यात उमापूरच्या आमच्या जुन्या घराचं माळवद गळायला लागलं. आतल्या खोलीतली लोखंडी पेटी हलवावी लागली. पेटी बडे अब्बांची, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची. त्यांचा इंतकाल झाल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. आत कॅसेटी निघाल्या, लाकडी मुठीची एक सोल्डर गन निघाली, राळेची एक डबी निघाली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक हेडफोन निघालं. कानावरच्या स्पंजचा हात लावताच भुगा झाला. पण अम्मीने लगेच ओळखलं. “अरे, ये तो भाईसाब का पीला कान!”

घरात त्याला हेच नाव होतं. बडे अब्बा १९७८ मध्ये जेद्दाला इलेक्ट्रिशियन म्हणून गेले. परत आले ते १९८५ मध्ये. येताना त्यांनी लोकांसारखं सोनं आणलं नाही. तिथल्या साइटवरच्या एका जर्मन इंजिनिअरने निघताना दिलेलं हे हेडफोन आणलं, आणि हत्यारांची एक पिशवी. मग उमापुरात रेडिओ, टेप, पंखे, इस्त्री दुरुस्त करण्याचं दुकान टाकलं. रात्री सगळे झोपले की ते रेडिओला हे पिवळे कान लावून बसायचे. मीडियम वेव्हवर आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस लागायची. मी जागा असलो तर एक कान मला मिळायचा. माझं उर्दू शाळेत सुरू झालं, असं माझ्या कागदपत्रांवर आहे. खरं तर ते त्या एका कानात सुरू झालं.

त्यावरचं नाव वाचून शोध घेतला तेव्हा कळलं की हे सेनहायझर कंपनीचं एचडी ४१४. १९६८ साली बाजारात आलं. मागची बाजू बंद न ठेवता मोकळी सोडलेलं हे जगातलं पहिलं हेडफोन. त्याआधीचे जड, कान दाबून धरणारे होते. हे हलकं, साधं, आणि कुठलंही हत्यार न घेता उघडता येईल असं. स्पंजची उशी ओढली की निघते. वायर दोन्ही बाजूंना छोट्या पिनांनी खोचलेली, ओढली की निघते. कानातलं यंत्र बोटांनी बाहेर काढता येतं. ज्याने हे बनवलं, त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पक्की होती. ही वस्तू कधी तरी बिघडेल, आणि तेव्हा कुणी तरी ती हातात घेऊन बसेल.

आता माझ्या मुलीचे इअरबड बघा. पांढरे, गुळगुळीत, एकही स्क्रू नाही. चौदा महिन्यांत एका बाजूचा आवाज अर्ध्या तासात बंद पडायला लागला. कंपनीच्या सेवा केंद्रात सांगितलं, बॅटरी बदलता येत नाही, नवीन घेतलं तर सवलत देऊ. बॅटरी आतमध्ये चिकटवलेली आहे. लिथियमची एवढीशी घुंगरासारखी बॅटरी काहीशे वेळा चार्ज झाली की दम सोडायला लागते, हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणजे वस्तू विकतानाच तिच्या मरणाची तारीख ठरलेली आहे, आणि ती पावतीवर छापलेली नाही. याला मी व्यापार म्हणणार नाही. आमच्या बाजारात बैल विकतानासुद्धा गिऱ्हाईक दात मोजून घेतं. इथे तोंडच शिवून टाकलंय.

हे आपोआप झालेलं नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं आणि त्याच कार्यक्रमात बिनवायरचे एअरपॉड दाखवले. भोक काढण्याच्या निर्णयाला त्यांच्या अधिकाऱ्याने व्यासपीठावरून ‘हिंमत’ असं नाव दिलं. मग बाकीच्यांनाही हिंमत आली. पन्नास-साठ रुपयांच्या पिनने जोडली जाणारी वस्तू गेली आणि दोन वर्षांत मरणारी वस्तू आली. आज माझ्या फोनला भोकच नाही. बडे अब्बांचं हेडफोन जोडायला मला आधी एक शेपटी विकत घ्यावी लागली, मग मोठ्या पिनवरून छोट्या पिनवर आणणारा एक जोड. एवढं करून एकाच कानात आवाज आला, तोही दबका. शहरातल्या दुकानात गेलो तो त्यानंतर.

तिथून परत आलो आणि स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या एका टपरीवर थांबलो. टपरीवर बसलेला तरुण उठून उभा राहिला. “अस्सलामु अलैकुम सर. बैठो.” माझाच जुना विद्यार्थी. नववीत शाळा सुटली होती त्याची.

त्याने हेडफोन हातात घेतलं. फोनला नाही लावलं, आधी उलटंसुलटं करून बघितलं. मग मल्टिमीटर काढला आणि एकेका बाजूचा रेझिस्टन्स मोजला. एका कानाला काटा दोन हजार ओहमच्या आसपास गेला, दुसऱ्याला जागचा हललाच नाही. त्याने दुसऱ्या कानाची वायर काढून थेट कानाच्याच पिनांना मीटर लावला. तिथे पुन्हा दोन हजार. तो हसला. “कान चांगला आहे सर. वायर मेलीय.” मग आवाज दबका का येतोय, तेही त्यानेच सांगितलं. आजच्या फोनला बत्तीस ओहमच्या आसपासचे हेडफोन चालवायची सवय असते. दोन हजारवाल्याला जास्त व्होल्टेज लागतं. “ये फोन का काम नै सर. इसको बडा अँप्लिफायर होना.”

नववी नापास मुलगा मला ओहमचा नियम समजावत होता. मी बी.एड. आहे. दहावीत विज्ञानाला मला त्याच्यापेक्षा नक्कीच जास्त गुण होते. पण ओहमचा नियम मी फक्त लिहिला होता, त्याने तो वापरला होता.

वायर पिनजवळच तुटली होती, जिथे नेहमी तुटते तिथे. त्याने दोन बोटं वायर कापली. आत साधी तार नव्हती. दोऱ्यावर गुंडाळलेली तांब्याची केसासारखी पातळ पट्टी होती. जुन्या हेडफोनात वायर हजारदा वाकावी आणि तुटू नये म्हणून असं करत. पण तिला सोल्डर धरत नाही, दोरा जळतो. तो घाई न करता बसला. आधी ब्लेडने हलकेच खरवडलं, राळेत बुडवलं, मग गनचं टोक क्षणभर टेकवून उचललं. तीन वेळा सुटलं. चौथ्यांदा कथलाचा थेंब चकाकला आणि धरला.

तो थेंब बघताना मला आमच्या गल्लीत येणारा कल्हईवाला आठवला. भट्टीवर पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, धूर निघाला की कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवायचं. नवसागर भांड्याचा मळ काढतो म्हणून कथील धरतं. राळ तांब्याचा मळ काढते म्हणून सोल्डर धरतं. तेच कथील, तीच विद्या, फक्त भांडं छोटं झालं. कल्हईवाल्याच्या नातवाने सोल्डर गन धरली, एवढाच काय तो काळ बदलला.

उशीचा प्रश्न गल्लीतच सुटला. गादी कारखाना चालवणाऱ्या नद्दाफ घरातून स्पंजचा एक तुकडा मिळाला. पिवळा नाही मिळाला, निळा मिळाला. गोल कापून बसवला. सगळा खर्च एकशे दहा रुपये. त्यातले मजुरीचे त्याने साठ मागितले होते.

साठ रुपये. पाऊण तासाच्या कामाचे आणि दहा वर्षांच्या हाताचे. मी म्हटलं, एवढेच? तर तो म्हणाला, “रिपेरिंगमध्ये काय राहिलं नाही सर. कव्हर आन् काच विकतो म्हणून टपरी चालते. हे नवीन इअरबड उघडायला गेलं की फुटतंय. पार्ट मिळत नाही. गिऱ्हाईक म्हणतंय, तूच फोडला.”

माझं खरं भांडण इथून सुरू होतं.

हा मुलगा सातवी-आठवीत माझ्या वर्गात होता. मराठीच्या शुद्धलेखनात कच्चा. एकदा वही कोरी आणली म्हणून मी त्याला सगळ्या वर्गासमोर एक वाक्य बोललो होतो. ते वाक्य तुम्हालाही माहीत आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाने ते कधी ना कधी वापरलंय. “अभ्यास नाही केलास तर आयुष्यभर पंक्चर काढत बसशील.”

टपरीवर त्याने ते वाक्य काढलं नाही. त्याला आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. मला आठवलं. मुसलमान मुलाला मुसलमान शिक्षकाने हे सांगितलं होतं. जे वाक्य आमच्यावर शिवीसारखं फेकलं जातं, व्हॉट्सॲपवर, सभेत, क्रिकेटच्या मॅचनंतर, तेच मी वर्गात फुकट वाटत होतो. बाहेरचा माणूस ‘पंक्चरवाला’ म्हणतो तेव्हा आपण चिडतो. आणि चिडून काय म्हणतो? “आमच्यातही डॉक्टर आहेत, कलेक्टर आहेत!” म्हणजे पंक्चर काढणं हलकं आहे हे आपण मान्य करूनच भांडायला उभे राहतो. तिथेच आपण हरलेलो असतो.

आपली आडनावं काढून बघा. नद्दाफ म्हणजे कापूस पिंजणारा. शिकलगार म्हणजे धार लावणारा. मोमीन विणकर, रंगरेज कापड रंगवणारा, तांबोळी, मणियार, आतार, बागवान. आमच्या मशिदीतल्या एका सफेत उभी राहिलेली नावं वाचली तर हत्यारांची यादी तयार होते. त्यातली निम्मी कामं जुन्याला पुन्हा उभं करण्याची आहेत. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवलं होतं की मुस्लिम कामकऱ्यांत स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे. आपण तो अहवाल मागासलेपणाचा दाखला म्हणून वाचला, आणि तो दाखला खराच आहे. पण त्या आकड्यांच्या मागे केवढं ज्ञान बसलंय, याची मोजदाद कुणी केली नाही. आपणही नाही.

मला पहिला आक्षेप येणार तो ठाऊक आहे. तो घरूनच येतो. “तुम्ही स्वतः बी.एड. झालात, मुलीला सायन्सला घातलंत, आणि गरिबांच्या पोरांना म्हणता गॅरेजमध्ये जा?”

आक्षेप बरोबर आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. बारा-तेरा वर्षांचं पोर शाळा सोडून गॅरेजमध्ये पाने उचलायला लागतं, ते मला मान्य नाही. मी अशी पोरं शाळेत परत आणायला उन्हात फिरलो आहे. नववीत सुटलेला हा मुलगा शाळेत टिकला असता तर मला हवंच होतं. अपमान पंक्चर काढण्यात नाही, दुसरा कुठलाच रस्ता न उरण्यात आहे. गरिबाच्या पोराला गॅरेजमध्ये पाठवा, अशी माझी मागणी नाही. गॅरेज शाळेत आणा, अशी आहे, आणि तिथे डॉक्टरच्या पोरालाही बसवा. सोल्डर गन हातात धरायला लागली तर कुठल्या इंजिनिअरचं नुकसान झालंय? उलट चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकून घरचा मिक्सर उघडायला घाबरणारी पोरं मी बघतो, तेव्हा त्यांच्या शिक्षणाची कीव येते.

आणि ही कल्पना माझी नाही. बी.एड. ला आम्हाला पाच गुणांसाठी होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी मांडलं की मुलांचं शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती उभं करावं. त्याचा आराखडा करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. अर्थशास्त्रात जर्मनीत डॉक्टरेट केलेला, जामिया मिल्लिया चालवणारा, पुढे देशाचा राष्ट्रपती झालेला माणूस मुलांच्या हाताला काम शिकवा म्हणून आराखडा लिहीत होता, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आम्ही त्याची नोट्स काढली, पाठ केली, पेपरात उतरवली आणि वर्गात जाऊन म्हणालो, पंक्चर काढत बसशील.

कार्यानुभव नावाचा विषय आमच्या वेळापत्रकात होता. त्यात काय चाललं, ते तुम्हालाही माहीत आहे. आईसक्रीमच्या काड्यांची घरं झाली आणि विकत आणलेल्या शोभेच्या वस्तूंना गुण मिळाले. आता २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना राहून गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा लोकांकडे काम शिकावं. कागदावर छान आहे. पण हे दहा दिवसही काड्यांच्या घरांत गेले, तर दोष दिल्लीचा नसेल, शिक्षकांच्या खोलीचा असेल.

दुसरा आक्षेप पैशांचा. “दुरुस्तीला जेवढे जातात तेवढ्यात नवीन येतं.” येतं, कबूल. पण का येतं, हे विचारायचं की नाही? सुटे भाग विकायचे नाहीत, बॅटरी चिकटवायची, उघडलं तर गॅरंटी गेली म्हणायचं, सर्किटचा नकाशा कुणाला द्यायचा नाही, आणि मग म्हणायचं दुरुस्ती परवडत नाही. विहीर बुजवून टँकर विकणाऱ्याचं हे अर्थशास्त्र आहे. मराठवाड्याच्या माणसाला ते समजावून सांगायची गरज नाही. बडे अब्बांच्या दुकानात येणाऱ्या जुन्या रेडिओच्या मागच्या झाकणाच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. कंपनी कारागिराला सांगत होती, बाबा, हे असं आहे, बघून घे. आज तीच माहिती चोरून यूट्यूबवर शोधावी लागते.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा. लिथियमची बॅटरी फुटते, जळते. खरंच आहे. म्हणूनच ती टोचून, कोरून काढावी लागू नये अशी बसवली पाहिजे. युरोपियन युनियनने २०२३ च्या बॅटरी कायद्यात हेच केलं. फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. फ्रान्सने २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर ही किती दुरुस्त होऊ शकते याचे दहापैकी गुण छापायला लावले. दुकानात किमतीच्या शेजारीच.

आपल्याकडे? जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू झालं. फोन आणि इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर असेच गुण छापण्यासाठी दुसरी समिती झाली, तिने २०२५ मध्ये अहवाल दिला. पाऊल चांगलं आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण पोर्टलवर कंपन्यांचे हेल्पलाइन नंबर आणि सेवा केंद्रांचे पत्ते टाकल्याने माझ्या विद्यार्थ्याला स्टँडजवळच्या टपरीवर बॅटरी मिळत नाही. त्याला सुटा भाग हवाय, नकाशा हवाय, आणि वस्तू उघडली म्हणून गुन्हेगार ठरू नये एवढी हमी हवी आहे. हक्क ग्राहकाचा म्हणून मांडला जातो. दुरुस्त करणाऱ्याचा हक्क कुणाच्या यादीतच नाही.

फेकलेलं कुठे जातं, तेही बघू. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगाने ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा केला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला तो सव्वाबावीस टक्क्यांच्या आसपास. बाकीचा कुठे तरी जाळला गेला, पुरला गेला. दिल्लीत सीलमपूरला तो कसा फुटतो, हे बातम्यांतून आपण बघितलंय. उघड्या हातांनी, ॲसिडच्या धुरात, तांब्यासाठी वायरी जाळत. ते हात कुणाचे आहेत, हेही आपल्याला माहीत आहे. म्हणजे गंमत बघा. वस्तू दुरुस्त करायला आपला कारागीर नको, पण ती मेल्यावर तिची राख चिवडायला आपलंच पोर लागतं. दुरुस्तीत इल्म लागतो, मान मिळू शकतो, तो मार्ग बंद. कचऱ्यात फक्त फुप्फुसं लागतात, तो मार्ग सताड उघडा.

आता थोडं आपल्या जुम्म्याच्या खुतब्याबद्दल. इस्राफवर, म्हणजे उधळपट्टीवर, आपण खूप ऐकतो. ते बहुतेक लग्नातल्या बिर्याणीबद्दल असतं. चालू हेडसेट दोन वर्षांत फेकणं, नवीन फोन आला म्हणून जुना कपाटात कुजवणं, हा इस्राफ नाही का? हजरत आयेशा रजि. यांच्या रिवायतीत येतं की पैगंबर सल्ल. घरात आपली पादत्राणं स्वतः दुरुस्त करत, कपडा स्वतः शिवत. ही सुन्नत किती सांगितली जाते? दाढीची लांबी मोजणारे पुष्कळ भेटतात, चप्पल सांधणारा एकही भेटत नाही. आणि मराठी म्हणून आपला दुसरा वारसाही हेच सांगतो. गोरोबा मडकी घडवायचे, सावता मळा करायचे, सेना न्हावी होते, आणि तिकडे उत्तरेत कबीर विणकर. त्यांच्या हातातलं काम सुटलं नाही म्हणून त्यांचं मोठेपण अडलं नाही. आपण त्यांच्या जयंत्या करतो आणि त्यांच्या धंद्याचं नाव शिवी म्हणून वापरतो.

मी दुरुस्तीचा भाबडा भक्त नाही. ‘जुगाड’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांचाही मला कंटाळा आलाय. वायरला सेलोटेप गुंडाळणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. गरिबाच्या कौशल्याचं कौतुक करून त्याला साठ रुपयांवर ठेवणं हाही एक लबाडपणाच आहे. मी त्या दिवशी त्याला दोनशे दिले. त्याने शंभर परत केले. “सर से जास्ती कैसे लेऊं?” हा अदब मला टोचला. ज्याच्या तोंडून आपण अपमान ऐकला, त्याचा अदब करायला मोठं काळीज लागतं. माझ्या वर्गात ते शिकवलं जात नाही.

म्हणून काही गोष्टी ठरवल्या आहेत आणि इथे लिहितो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

दप्तराविना दहा दिवसांतले निदान तीन दिवस आमच्या शाळेत दुरुस्तीचे असावेत, यासाठी मी मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे. दोन मल्टिमीटर, चार सोल्डर गन, राळ आणि कथील. दोन हजार रुपयांच्या आत बसतं. मुलांनी घरातली बंद पडलेली एक वस्तू आणायची. मुलींनीसुद्धा. शिकवायला माझा हा विद्यार्थी येईल, आणि त्याला चहा-बिस्किटं नाही, मानधन द्यायचं. पाहुण्या व्याख्यात्याला देतो तसं, पाकिटात घालून, सही घेऊन. शाळेच्या निधीतून नाही निघालं तर ते माझ्या पगारातून जाईल.

आणि ते वाक्य मी पुन्हा बोलणार नाही. तुम्ही शिक्षक असाल तर तुम्हालाही विनंती आहे, बोलू नका. पोराला अभ्यासाला लावायचं असेल तर अभ्यासाची गोडी दाखवा, दुसऱ्याच्या बापाच्या धंद्याची भीती दाखवू नका. तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या एखाद्या पोराचा बाप त्या क्षणी खरंच पंक्चर काढत असतो, त्या पोराची फी भरण्यासाठी.

आणि तुम्ही ग्राहक असाल तर पुढची वस्तू घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. ही उघडते का? बॅटरी बदलते का? सुटे भाग मिळतात का? तो हसेल. हसू द्या. दहा जणांनी विचारलं की हसणार नाही.

हेडफोन आता चालतंय. पेटीतच बडे अब्बांचा जुना टेपरेकॉर्डर होता. त्याचा बेल्ट चिघळला होता, तोही त्याच टपरीवर बदलून घेतला. त्याच्यावर लावल्यावर दोन हजार ओहमचा कान पूर्ण उघडला. कॅसेटीत एक निघाली, तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. लावली. रेडिओवरून भरलेल्या बातम्या होत्या. मध्येच बडे अब्बांचा खोकला आणि कुणाला तरी सांगणं, “आवाज कम कर, बच्चा सोया.”

मुलीला म्हटलं, ऐक. तिने एक कान घेतला, एक मला दिला. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, “अब्बू, याला चार्जिंग कुठे करायचं?”

म्हटलं, करावं लागत नाही.